बाजूचं फाटक

१४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला. मनात नुसता संताप आहे.

दादाच्या बाळाला गोवर झालाय. सात महिन्यांचं पोर, लसीचं वयसुद्धा झालेलं नाही. परवापासून ऑक्सिजनवर आहे. एक तारखेला तू लेकीला घेऊन सीमेपलीकडून दादाकडे आलीस, तेव्हा तिचं नाक गळत होतं. प्रवासाचा शीण म्हणालीस. आज तुमच्या गल्लीतला ट्रकवाला नाक्यावर सांगतो की परत घरी पोचताच तिच्या अंगभर पुरळ उठलं. आणि तू आम्हाला अवाक्षर कळवलं नाहीस! इथे सीमेच्या नाक्यावर मी दिवसाला दोनशे लोकांचा ताप बघते, आणि रोग आणला माझ्या बहिणीने. उत्तर याच ट्रकवाल्याच्या हाती दे. माया वगैरे पुढचं पुढे.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कळवलं नाही, हा गुन्हा माझाच. घाबरले. पण बाकीचं माझ्या गळ्यात मारू नकोस. मी तपासणीच्या रांगेतच उभी होते. तू हाक मारलीस, पोरीला कडेवर घेतलंस, साहेबांपुढे भाची म्हणून मिरवलीस आणि आम्हाला बाजूच्या फाटकातून आत नेलंस. तिचं अंग गरम लागतंय म्हटलं, तर उन्हाचं असेल म्हणून हसलीस. थर्मामीटर तुझ्याच खिशात होता.

आणि लस? इथे म्हणतात, जन्म माहेरचा, तिकडेच टोचा. तिकडे म्हणतात, सासर पलीकडे, पलीकडेच टोचा. दोन देशांनी पोरीला नुसतं टोलवलं. माझी बरी आहे. बाळाचं तेवढं कळव, मग हवं तर बोलू नकोस.

तरीही तुझीच,
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र फाडायला घेतलं होतं. मग उठले आणि नाक्याच्या डॉक्टरांना फाटकाचं सगळं सांगितलं. कुणाची मामी, कुणाचे साहेब, कुणाच्या ओळखीचे व्यापारी, असे किती जण तिथून सोडले, तेही. मला घरी बसवलंय. सोबतचे तोंड फिरवतात, फिरवू देत.

त्या दिवशी तुझ्या बसमध्ये दोन तान्ही मुलं होती. ती कुठे उतरली, आठवेल तेवढं लगेच लिही. आता लपवलंस तर तुझं तोंड बघणार नाही.

बाळ अजून ऑक्सिजनवरच आहे, पण आज थोडं दूध ओढलं. वहिनी तुझ्या नावाने बोटं मोडते आणि मी शेजारी बसून ऐकून घेते. हे पत्र ट्रकवाल्याला दिलं की तिच्याकडेच निघाले आहे, फाटक कुणी उघडलं ते सांगायला.

लोभ ठेवायचा की नाही, तुम्ही दोघी ठरवा.

ताई