सोमवारचे किलो

भांडुप,
१३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. फोन असताना कागद कशाला, असं भावोजीही म्हणाले. पण तुझी लेक आमच्याकडे राहते, घर दीड खोलीचं, फोनवर तिच्याविषयी एक अक्षर काढलं की ती पडद्याआडून खाकरते. शिवाय फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. भावोजी शनिवारी मुलुंडची कंपनी सुटली की आमच्याकडे चहाला उतरतात, तेव्हा त्यांच्याच हाती देतो. उत्तरही तसंच दे.

आता मुद्द्याचं. नऊ नोव्हेंबरला मुलुंडला जिल्ह्याची पॉवरलिफ्टिंगची निवड आहे. श्रुतिकाचं ज्युनियर गटातलं हे शेवटचं वर्ष. ५७ किलोच्या गटातल्या पहिल्या दोघीच राज्य स्पर्धेला जाणार, त्यानंतर मोठ्या बायकांशी गाठ. गेल्या वर्षी स्क्वॉटचे तिन्ही प्रयत्न बाद होऊन ती हात हलवत घरी आली, ते तू पाहिलं आहेस. म्हणून जुलैत मी तिला इथे आणली. मला कोणी शिकवलेलं नाही. फुटपाथवरची जुनी इंग्रजी मासिकं, शेजारी डिक्शनरी, आणि दिवसभर लेथवर काम करून लागलेली मापाची सवय, एवढ्यावर शिकलो. पण आमच्या व्यायामशाळेत आजवर एकाही पोराची पाठ धरलेली नाही, हेही लिहून ठेव.

बुधवारी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलणं: वाढतंय. शुक्रवारी बेंच, म्हणजे पाठीवर झोपून ढकलणं: वाढतंय. सोमवारी स्क्वॉट, बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं: घसरतंय. जुलैत एकशे दहा किलो घेऊन उठलेली पोरगी या सोमवारी एकशे अडीचवर अडकली. श्रावणात मी काही बोललो नाही. सोमवारी एक वेळ जेवते म्हणाली, म्हटलं चालायचंच. पण श्रावण संपून तीन सोमवार झाले.

मी काय काय केलं ते वाच. तिचे बूट बदलले. सगळ्या प्लेटा भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणल्या. वीस किलोची एक प्लेट चारशे ग्रॅमने कमी निघाली, तिला मागून वॉशर लावले. ती पुरेशी खाली बसते का ते कळावं म्हणून गुडघ्याच्या मापाने दोरी ताणून तिला घुंगरू बांधलं. घुंगरू वाजलं तरच मी मोजतो. सगळं बरोबर आहे. मग उरलं काय? रविवार. रविवारी ती तुझ्याकडे सांताक्रूझला येते, आणि तू तिला बांगड्याचं तिखलं नि भाताचे डोंगर वाढतेस. सोमवारी ती सुस्तावते. तेव्हा नऊ नोव्हेंबरपर्यंत रविवार बंद. राग मानू नकोस. मानलास तरी बंद.

धाकट्यावर माया आहे ती तशीच राहू दे, ही विनंती.

तुझा,
दत्ताराम

---

सांताक्रूझ,
१९ सप्टेंबर

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून छापल्यासारखं आहे नि स्वभाव अजून तसाच.

भाताचे डोंगर काय रे मेल्या. पोरगी दोन पोळ्या खाते, आणि त्याही तू वजनाच्या काट्यावर बसवशील या धाकाने. रविवार बंद कर हवा तर, मी रडत बसणार नाही. पण बांगड्याला नावं ठेवू नकोस. तुझे दंड त्याच्यावरच झाले.

एक सांगते ते ऐक. सोमवारी तिच्यावर ओरडू नकोस. इतर दिवशी ओरड. का ते विचारू नकोस, मोठी बहीण सांगते म्हणून ऐक. आणि जड कार्यक्रम मंगळवारी नाही का ठेवता येणार? मला त्यातलं कळत नाही, सहज सुचलं.

सासूबाईंचे गुडघे पुन्हा सुरू झालेत. हे बरे आहेत. माझी साखर जिथल्या तिथे आहे. तुझ्या बायकोला, मालनला म्हणावं, कुळथाचं पीठ पाठवते आहे.

आम्हा सगळ्यांची आठवण ठेव.

तुझी,
अक्का

---

भांडुप,
२३ सप्टेंबर

ती. सौ. अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारची वाट बघण्याइतकं डोकं शांत नाही म्हणून कुरियरने पाठवतो.

रविवार बंद केला, तरी काल सोमवारी शंभरसुद्धा उठले नाहीत. बार खांद्यावर असतानाच तिचे पाय लटपटले. मी आणि दुसऱ्या एका पोराने तो वरच्या वर धरला, नाहीतर आज हे पत्र मी तुला दवाखान्यातून लिहिलं असतं. घरी आल्यावर मी विचारलं, दुपारी काय खाल्लंस. म्हणाली, सहा अंडी. ती अंडी मी स्वतः उकडून डब्यात भरतो, त्यामुळे तिला उत्तर पाठ होतं. तेवढ्यात मालनने स्वयंपाकघरातूनच सांगून टाकलं की अंडी ती कामावर, लॅबमधल्या मैत्रिणीला देते. पोरगी सकाळपासून पाण्यावर आहे, सोमवार आहे ना.

सोळा सोमवार. नवस तुझा, पोट तिचं. अक्का, तू शहाणी बाई आहेस गं. लेकीने शंभराच्या वर किलो खांद्यावर घ्यावेत म्हणून तिलाच उपाशी ठेवायचं, हे कुठल्या डोक्यातून निघालं? घरात आम्ही तीन माणसं. दोघींना सगळं ठाऊक, आणि तिसरा गाढवासारखा प्लेटा तोलत भांडुपभर फिरतोय. भंगारवाल्याने माझ्याकडे कसं बघितलं ते तुला काय सांगू.

मंगळवार सुचवतेस. उपासाच्या दुसऱ्या दिवशीही अंगात काही नसतं, आणि लगेच बुधवारी डेडलिफ्ट. जमणार नाही. उपास आजपासून मोडला असं तिला तू स्वतःच्या तोंडाने सांग. माझं ऐकत नाही. मी ओरडलो तर म्हणते, आईला विचार.

आशीर्वाद असू दे, पण तो जेवणासकट.

दत्ताराम

---

सांताक्रूझ,
२५ सप्टेंबर

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

ओरडून झालं असेल तर वाच.

तिला मी उपाशी ठेवलेलं नाही. गेल्या वर्षी स्पर्धेवरून आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई, मी सोडते. तेव्हा मी महादेवाला बोलले, हिला पुन्हा उभी कर, मी सोळा सोमवार करीन. मी करीन, असं. पहिला सोमवार मी केला, श्रावणातला. दुपारी ओट्याशी उभी होते ती डोळ्यांपुढे काळोख येऊन खाली बसले. ह्यांनी डॉक्टरांकडे नेलं. साखरेच्या गोळ्या घेऊन उपास केलात तर मी तुम्हाला बघणार नाही, असं ते तोंडावर म्हणाले. मी तरी पुढचा करणार होते. बोललेला नवस अर्धा टाकते का कोणी? मग श्रुतिकाने माझ्या हातातून घेतला. म्हणाली, तू केलास तर मी स्पर्धेला जाणारच नाही. मी केला तर दोन्ही होईल. तुला सांगायचं नाही हेही तिनेच ठरवलं. म्हणाली, मामा आकडे बघून माझी दिनचर्या बदलेल, पण देव बघून नाही.

आता मोड म्हणतोस. मोडते. मग उरलेले सात मी करीन, आणि ती तुझ्या व्यायामशाळेत उभी राहून माझी काळजी करील. तुझ्या घुंगराला तेवढं कळेल का ते बघ.

मला काही सुचत नाही रे. तू हुशार आहेस, तू सांग.

अक्का

---

भांडुप,
३० सप्टेंबर

ती. सौ. अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी तुझा राग आला, नंतर तिचा, शेवटी मालनचा, कारण ती समोर होती.

काल दहावा सोमवार मी केला.

मधेच बोलू नकोस, पुरं वाच. श्रुतिकाला मी सकाळी समोर बसवून पोहे, दुपारच्या डब्यात भात नि अंडी, असं खायला लावलं. रडली, पण खाल्लं. मी सकाळपासून पाण्यावर. माझा देवावर विश्वास नाही, ते त्याला ठाऊक असणारच, फसवणूक नाही. बाकी जे जे करायचं ते काटेकोर केलं. मालनने सांगितलं, बेल तीन पानांचा. देवळाबाहेरच्या बाईने दिलेल्या जुडीत दोन पानं किडकी होती, ती मी परत केली. मागे चार बायका खोळंबल्या.

संध्याकाळी व्यायामशाळेत गेलो आणि मुद्दाम स्वतः बेंच मारून बघितला. नेहमीपेक्षा पाच किलो कमी. म्हणजे उपासाचे बेंचला पाच किलो जातात, ही नोंद आजवर मी कुठल्याही मासिकात पाहिलेली नाही. तिने मात्र काल एकशे पाच घेतले आणि घुंगरू खणखणून वाजलं.

उरलेले सहाही मीच करीन. लेथवर काल दुपारी दोन नट वाकडे कापले, आयुष्यात पहिल्यांदा. त्याचा जाब मी तुझ्या महादेवाला विचारणार आहे. लग्न झालेल्या बहिणीचा नवस भावाने फेडलेला चालतो की नाही, ते तू कोणाला तरी विचारून घे. नाही म्हणाले तर मला कळवू नकोस.

उपाशी भावावर राग धरू नये.

दत्ताराम

---

सांताक्रूझ,
३ ऑक्टोबर

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

काल दसऱ्याचं सोनं द्यायला गेले तेव्हा देवळातल्या गुरुजींना विचारलं. सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, तो वेगळ्या घराण्यातला, त्याचा उपास इथे कसा लागेल. गुरुजींनी विचार केला नि एवढंच विचारलं, भावाला साखर आहे का. मी नाही म्हटलं. म्हणाले, मग चालेल.

सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी. घरात शांतता आहे.

तू लेथवर जपून काम कर. बोट गेलं तर कुठल्या देवाला तोंड दाखवू? रात्री सोडताना दूध घेत जा. मालनला सांगितलंय, तुझ्यावर लक्ष ठेव. तुला उपासाचा राग येतो नि उपास तुला आणखी चिडका करतो, तेव्हा ती बिचारी दोन्ही बाजूंनी मार खाते.

श्रुतिकाने फोन केला होता. मामा सोमवारी कोणालाही बघून गुरगुरतो म्हणाली.

सांभाळून राहा.

अक्का

---

भांडुप,
१० नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

काल हॉलबाहेर तुला निकाल कळला, आणि तू रडायला लागलीस, आणि भावोजी तुला लगेच घरी घेऊन निघाले. म्हणजे तपशील कोणीच ऐकला नाही. तो मी आता लिहितो. आज शेवटचा सोमवार, पोटात काही नाही, तेव्हा चूक झाली तर माझी नव्हे.

हॉलमध्ये पंखे होते पण चालत नव्हते. तू आत आली नाहीस ते बरंच केलंस. बाहेर बाकावर डोळे मिटून बसलेली तुला मी दोनदा पाहिली.

पहिला स्क्वॉट एकशे साडेसात, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे, म्हणजे मान्य. दुसरा एकशे पंधरा, पांढरे. तिसऱ्याचा आकडा एका मिनिटाच्या आत टेबलावर लिहून द्यावा लागतो. माझा आकडा ठरलेला होता: एकशे साडेसतरा. जुलैपासूनचे सगळे सोमवार धरून रेघ काढली होती, ती तिथेच येत होती. एकही नोंद गाळायची नाही, हा माझा नियम. ती म्हणाली एकशेवीस. मी म्हटलं, वेड लागलंय का, रेघ काय सांगते ते बघ. तिथे उभ्या उभ्या आमचं भांडण झालं. टेबलावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं. तेव्हा पोरगी मला म्हणाली,

"मामा, तुझे आकडे बरोबर आहेत. पण ते उपाशी पोरीचे आहेत."

अक्का, मी बावीस वर्षं पोरांची वजनं लिहितोय. कोणी माझा आकडा चुकीचा ठरवला नाही, आणि तिनेही ठरवला नाही. तेच मला सहन होईना. मी एकशेवीस लिहिलं. अक्षर वाईट आलं.

ती खाली गेली. पुरेशी खाली, घुंगराची गरज नव्हती. उठताना मधेच थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येत नाही, मी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि असं माझ्याकडून होत नाही. मग उठली. दोन दिवे पांढरे, एक लाल; दोन पुरतात. कडेच्या पंचाला काय दिसलं कोण जाणे. मी विचारायला निघालो होतो, यज्ञेशने शर्ट धरला. यज्ञेश म्हणजे तोच पोरगा, ज्याने त्या सोमवारी माझ्यासोबत बार धरला होता.

पुढे बेंच साडेसत्तावन्न, डेडलिफ्ट एकशे साडेबत्तीस. एकूण तीनशे दहा, दुसरा नंबर. घाटकोपरची मुलगी तीनशे साडेसातवर थांबली. आता नीट वाच. माझं ऐकून एकशे साडेसतराच घेतले असते तर दोघींचे तीनशे साडेसात झाले असते. बरोबरीत जिचं अंगाचं वजन कमी ती पुढे, आणि ती मुलगी दोनशे ग्रॅमने हलकी होती. म्हणजे आपली श्रुतिका तिसरी येऊन घरी बसली असती, माझ्या रेघेसकट. हे मी मालनला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आम्ही बाहेर आल्यावर तू महादेवाला हात जोडलेस. भावोजींनीही जोडले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, नवस पावला. पोह्यांना कोणी हात जोडले नाहीत. असो.

राज्य स्पर्धा जानेवारीत आहे आणि माझ्यापुढे खरी पंचाईत अशी की या चार महिन्यांच्या नोंदी आता पुढच्या आखणीला उपयोगाच्या नाहीत. अर्ध्या तिच्या, अर्ध्या भुकेच्या. कुठली किती, ते वेगळं काढायचं साधन नाही. उद्यापासून पहिल्या पानावर सुरुवात.

तेव्हा एकच मागणं. राज्यासाठी तू गप्प बसणार नाहीस, हे मला माहीत आहे. बोलायचाच असेल नवस, तर आधी मला लिहून कळव, आणि उपास कोण करणार तेही कळव. वार माझ्याकडून घे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून. शनिवार चालेल. रविवारी तिला सुट्टी असते, भरून निघेल.

भावोजींना नमस्कार, सासूबाईंनाही. माझ्यावरची माया कमी करू नकोस, आज रात्री तर मुळीच नको.

तुझा,
दत्ताराम