जवसाच्या तेलातला शेंदूर

प्रिय बाबा,

उद्या दसरा. परवापासून गाडी घासतो आहे आणि शेवटी बॉनेटपाशी येऊन हात थांबला. तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढचं होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाकी सगळं नीट केलं. गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली, पत्रा थंड होऊ दिला. दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायला. टपापासून सुरुवात करून खाली आलो. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवली, कारण नुसत्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतून लागते. आई ओट्यावरून म्हणाली, "गाडी धुऊन राह्यला का तिची नाडी पाहून राह्यला रे?" तिला काय सांगणार! दारं, टप, डिकी, सगळ्यांना हाताने पॉलिश केलं. पांढऱ्या रंगात आता अंगणातली तुळस दिसते.

आणि बॉनेटच्या मधोमध तुमचं ते केशरी स्वस्तिक! त्याचा एक हात आखूड आहे, तोही मलाच रोज दिसतो.

इतकी वर्षं तुम्ही तिळाच्या तेलात शेंदूर कालवत होतात. दसऱ्याला बोटाने स्वस्तिक काढायचं, चार दिवसांनी मी गाडी धुतली की ते निघून जायचं. मागच्या साली मात्र तुम्ही जवसाचं तेल घेतलंत! जेवणात ठीक आहे, पण पत्र्यावर? ते उन्हात वाळलं आणि रंगच झाला. खामगावच्या पेंटरला दाखवलं तर तो हसला, "तुह्या बापानं तं प्रायमर मारला भाऊ, एक नंबर!"

चार दिवसांनी मी पाणी मारलं, साबण लावला, पण ते ढिम्म हललं नाही. त्या दिवशी ताईचे यजमान, आपले जावईबापू, आले होते, शेजारचे वसंतकाकाही ओट्यावर होते. त्यांच्या देखत मी तुमच्यावर ओरडलो. "अक्कल हाय का बाबा तुम्हाले? तिळाची शिशी समोर असताना जवसाचीच काऊन सापडली?" जावईबापू गालात हसले. तुम्ही फक्त "चुकलंच बा" म्हणालात आणि चहा तसाच ठेवून आत गेलात.

तेवढ्यावर थांबायचं ना! दुसऱ्या दिवशी मी शेतात गेल्याचं पाहून तुम्ही भांड्याची घासणी घेऊन बसलात. बाबा, घासणी! शेंदूर निघाला नाही, पण त्याच्याभोवती गोल गोल ओरखडे पडले. देवाचं पुसू नये म्हणणारे तुम्ही. मी पुन्हा चिडलो, आठ दिवस नीट बोललो नाही. पुढे पौषात तुम्ही गेलात. तो विषय कुणीच मिटवला नाही.

यंदा तुमचं वर्षश्राद्ध व्हायचं असल्याने आपल्याकडे पूजा नाही. म्हणून ठरवलं, हा डाग आता काढायचाच. डाग घासून काढायचं कंपाउंड फडक्यावर घेतलं, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"काढतं का?"

"हो. बाबांनी जवसाचं तेल घेतलं नसतं तं ही वेळच आली नसती."

"मंग काय करतील ते? तिळाचं तेल होतं कुठी घरात? तूच तं नेलं सारी शिशी, बंपर काळाभोर कराले."

मला आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंपरला, टायरला, सगळीकडे चोपडलं होतं. शिशी रिकामी करून मीच परत फळीवर ठेवली होती.

"मंग तू तवाच काऊन नाही बोलली?"

"मी निघालीच होती सांगाले. ते म्हणे, नको सांगू. पोरगं जीवाले लावून घेते."

काय म्हणावं तुम्हाला, बाबा? एक शब्द बोलला असतात तर मी गप्प झालो असतो! जावयासमोर खाली मान घातलीत, पण मला खाली पाहू दिलं नाहीत. याचा मला राग येतो आहे, आणि तो राग कुणावर काढावा हे कळत नाही.

फडकं धुऊन टाकलं. कंपाउंडच्या डब्याचं झाकण लावलं. स्वस्तिक आहे तसं राहील, ओरखड्यांसकट. दिसायला वाईटच दिसतं, खोटं कशाला लिहू?

उद्या ताई आणि जावईबापू आईला भेटायला येणार आहेत, वसंतकाकाही येतील. जावईबापू गाडीभोवती फिरून त्या डागावर काहीतरी बोलतीलच. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगेन, की चूक माझी होती, शिशी मी रिकामी केली होती, आणि बाबांना ते ठाऊक होतं. आवाजही त्या दिवशी होता तेवढाच मोठा ठेवीन. हा माझा शब्द.

तुमचा,
संदीप