स्टेडियममागची घरं

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. अडथळ्यांच्या शर्यतीत तू पहिली आलीस हे पेपरात वाचलं. तुझा फोटो डेपोतल्या एकूण एक ड्रायव्हरला दाखवून झालाय. मी बस घेऊन निघाले की आता सगळे ओरडतात, "चॅम्पियनची ताई आली, बाजूला व्हा!" आईची पाठ बरी आहे. छोट्याचा खोकला मात्र हटत नाही. भिंतीची ओल वाढतेय, म्हणून पलंग सरकवत सरकवत दारापाशी आणलाय. आणखी सरकलो तर थेट रस्त्यावर.

गेल्या आठवड्यात एक दिवस सुट्टी होती. स्टेडियममागच्या इमारतींत जाऊन आले. कमी कमाईच्या माणसांसाठी सरकारने सवलतीत बांधलेली ती घरं. छोट्या पाळण्यात होता तेव्हा आम्ही तिथे अर्ज केला, आता तो शाळेत जातो. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "सगळी भरलीत हो." कोण राहतं ते तरी बघू, म्हणून जिना चढले. दारादाराबाहेर धावायचे बूट. दुसऱ्या मजल्यावर एका उंच मुलीने दार उघडलं. आत खुर्चीवर मी विणलेला तुझा स्वेटर होता.

चुकून आले म्हणाले आणि उतरले.

हॉस्टेलमध्ये राहते म्हणाली होतीस ना गं? गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवलीस, खोकून बेजार झालेल्या छोट्याची पाठ चोळलीस, आणि तोंडातून अवाक्षर नाही?

पण तू तरी काय करणार? खाली ऑफिसातल्या बाईंना खोदून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. कॉलेजकडे नव्या स्कोअरबोर्डला पैसा आहे, तुमच्या खोल्यांना नाही. विद्यार्थ्यांना कमाई नसते, म्हणजे खेळाडू आमच्याहून गरीब, असं कागदावर दाखवून तुमचे कोच सर तुम्हाला आमच्या घरांत घुसवतात! मी आणि तुझे भावोजी दोघं राबतो, तीच आमची चूक! डोकं असं फिरलं की काय सांगू.

मग मी तक्रार केली. लेखी. तुझ्या घरासकट.

काल तुमचे सर डेपोत हजर. "ताई, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? तक्रार मागे घ्या. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर रिकामं होतंय, तुम्हाला मिळवून देतो."

"रिकामं कसं होतंय?"

"त्या मुलीचा गुडघा गेला. आता ती टीममध्ये नाही."

किती सहज म्हणाला गं! जणू बसची फुटकी काच बदलायची होती.

खोटं कशाला बोलू, एक कोरडी भिंत डोळ्यांपुढे येऊन गेली. मग वाटलं, तो गुडघा तुझा असता तर? मी त्याला सगळ्या ड्रायव्हरांदेखत फाटकाबाहेर काढलं.

आता चौकशीला माणसं येतील. सर पढवतील ते बोलू नकोस. खेळाडूंना राहायला जागा देणं हे कॉलेजचं काम आहे, गुडघा धड असो वा नसो, एवढं ठणकावून सांग. तुला बाहेर काढलं तर मला शिव्या घालायला का होईना, इकडेच ये. आणि ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी कुठे जाणार आहे, विचारलं का कुणी? तिला जागा नसेल तर तिलाही घेऊन ये. दाटीवाटीने झोपू.

तुझं घर घालवणारी, आणि तुझीच,
ताई