शेऱ्याच्या रकान्यात शामला

सक्करदरा, नागपूर

ती. यमुताईस, धाकट्या आनंदाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर? माझं बरं आहे, म्हणजे भात करपतो, वरण करपत नाही (करतच नाही). फोन केला की शामला तुमच्या अंगणात निघून जाते, म्हणून हे पत्र. पंधरा दिवस झाले वं ताई तिला कामठीला येऊन. तिनं परत यावं, एवढ्यासाठी सगळं खरं लिहितो.

आमच्या हापिसात दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र भरावं लागतं, बायकोच्या दागिन्यांसकट. सगळे ‘निरंक’ लिहितात आणि चहा प्यायला जातात (दोन बंगलेवाले मोठे साहेबही निरंकच, बिचारे). मला मेल्याला खरेपणाची खाज. मागच्या वर्षी शामलाच्या बांगड्या विकल्या, ते तर लिहिलंच. वर शेऱ्याच्या रकान्यात कारणही लिहिलं, पत्नीच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन. रकाना दोन ओळींचा, मी मागच्या पानावर गेलो. तेव्हा ती माहेरी गेली असं आम्ही साऱ्यांना सांगितलं होतं, तुलासुद्धा. तुझ्याशी खोटं बोललो आणि सरकारशी खरं, बघ माझी अक्कल!

मग शेजारच्या केशवरावांनी, कॉलनीतर्फे एखादा प्रामाणिक नोकरदार शोधायचा म्हणून, माहितीच्या अधिकारात आमच्या साऱ्यांची विवरणपत्रं मागितली. हापिसानं प्रत्येकाला विचारलं, हरकत आहे का? बाकीच्यांनी ‘खाजगी बाब’ म्हणून हरकत घेतली. मी ऐटीत लिहून दिलं, झाकण्यासारखं काही नाही. (शामलाला विचारायचं सुचलंच नाही. कागद माझा होता ना!) केशवराव इतके खूश झाले की त्यांनी हॉलमध्ये माझा सत्कारच ठेवला. शाल, नारळ, आणि माइकवर माझं विवरणपत्र, मागच्या पानासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या वं! शामला नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि मान खाली घातली. बायकांच्या नजरा कुठं गेल्या, ते मी स्टेजवरून पाहिलं.

घरी आल्यावर रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘नोकरी तुमची होती जी. मले काहून लिवलं?’ ताई, लोकांनी माझ्या पगाराचा, घराचा हिशेब मागावा, मागायलाच पाहिजे. पण तिच्या दुखण्यावर कोणाचा हक्क होता? ते मीच प्रसादासारखं वाटून बसलो. फार लाज वाटते.

हे पत्र शामलाला दाखवू नकोस.

तुझा,
आनंदा

ता. क. दाखवलंस तरी चालेल.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. तिच्या नव्या तपासणीचा रिपोर्ट काल आणला, पाकीट सोबत पाठवतो आहे. बंद आहे. (उजेडाकडे धरून पाहिलं, खोटं कशाला बोलू, काही दिसलं नाही.) तिच्याच हातात दे, आणि ती थांब म्हणाली तरच तू खोलीत थांब. आत काय निघालं ते मला कळवायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं. तू फक्त एवढं कळव, जेवते का.