उतारू बोटीची बारावी खिडकी

मी, वय वर्षे सेहेचाळीस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी स्वतःची एका बाबतीत खात्री नाही. ते कलम तीनमध्ये.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला. बाबांच्या कारखान्याची शेड त्याने मला न विचारता विकली, हे मी विसरलेले नाही. पण आजारपणात माझ्यासाठी सगळी धावपळ त्यानेच केली, हेही खरं.

२. कानशी, चिमटे आणि बाबांचं भिंग वहिनीला. बाबांच्या, घरी जोडायच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या कंपनीत प्रत्येक संचाचे भाग तिनेच तपासून खोक्यात भरले. तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही. मीही नाही.

३. नदीवरच्या उतारू बोटीचा संच हा कंपनीचा पहिला. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबा टेपने मापं घेत होते, खिडक्या मोजायचं काम माझं. एका खिडकीतून एका बाईने हात हलवला, मीही हलवला, आणि ती खिडकी मोजायची राहिली. माझ्या रोजनिशीत मी अकरा लिहिल्या.

पहिला नमुना घेऊन आम्ही हौसेने त्याच बोटीत बसायला गेलो. खिडक्या बारा निघाल्या. बाबांनी दोनदा मोजल्या. कारखान्यात परतल्यावर साचेवाले काका म्हणाले, "साहेब, खिडकीच्या जागी साच्यात पोलाद उभं लागतं. ते कोरून काढता येतं. परत भरू कसं?" बाबा मला रागावले नाहीत. चित्रकाराला मात्र त्यांनी खोक्यावर अकराच काढायला सांगितल्या. बारा खिडक्या लिहिलेलं त्या दिवसाचं रोजनिशीतलं पान मी लाजेने फाडलं.

पुढे बोट भंगारात गेली, बाबाही गेले. आता नदीकाठी स्मारक म्हणून तीच बोट बांधताहेत, आमच्या संचावरून. मी तीन पत्रं पाठवली. उत्तर एकच: आपल्याच कंपनीच्या नकाशात अकरा आहेत.

"अगं, एका खिडकीने काय बिघडतंय?" दादा म्हणाला.

"त्या खिडकीत माणूस होतं, दादा."

"मग पुरावा दाखव की!"

पुरावा म्हणून उरली आहे ती रोजनिशी, आणि तिच्यात अकराच आहेत. कधी वाटतं, ती बाई मीच मनाने रचली असेन.

तरीही रोजनिशी स्मारकाच्या कार्यालयाला द्यावी. त्यांनी नाकारल्यास दादाने ठेवावी. वाचली नाही तरी चालेल, टाकू नये.

याहून जास्त काही माझ्या हातात नाही.

सही
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. साचेवाले काका (सही)
सहीखाली स्वहस्ते: बोट मी पाहिली नव्हती. साहेब तेव्हा किती म्हणाले, आता आठवत नाही. ही सही ताईच्या सहीपुरती.