कादंबरीतून काढलेली माणसं

औरंगपुरा, औरंगाबाद
तुळशीचं लग्न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९६८

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामा यांच्या पायांवर (गुडघ्यातल्या वाताचं भान ठेवून, हलकेच) डोकं ठेवून भाचा भानुदास लिहितो की, इकडं मी जिवंत आहे. तिकडं मामींचा खोकला, ढवळ्या बैलाचा पाय आणि तुमचा राग, तिन्ही उतारावर असतील अशी आशा धरतो. तुम्ही खटपट करून करमाडच्या कारभारीअण्णांच्या सरूशी माझं जमवलंत आणि आता ते मोडायला आलंय, ही बातमी पाचोडच्या बाजारात तुमच्या कानावर आली असेलच. करमाडची माणसं जे सांगतील ते खरं आहे. फक्त ते कशानं झालं हे माझ्या तोंडून कळावं, म्हणून हा कागद.

तुम्हाला अजून वाटतं की मी छापखान्यात शाई कालवतो. तसं नाही. आमचं प्रकाशन एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे (नायिका मरत असते तेव्हा खाली कुणीतरी हंडा वाजवून बघत असतो), तिथं मी आलेली हस्तलिखितं वाचतो आणि मालक तात्यासाहेबांना अभिप्राय देतो. तात्यासाहेब स्वतः वाचत नाहीत. वाचलं की भीड पडते, असं त्यांचं म्हणणं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि आपल्याकडं जो तो लिहायला बसला. रझाकारांशी एकट्यानं लढलेले जितके लोक आजवर माझ्या टेबलावर येऊन गेले, तितके त्या वेळी खरोखर असते तर लष्कराला यायचं कामच पडलं नसतं. अशा सगळ्यांना मी गोड बोलून घरी पाठवतो. या कामात मी वस्ताद आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

तर आपली सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात अण्णा फडक्यात बांधलेली कादंबरी घेऊन आले, वर नारळ ठेवून. तात्यासाहेबांनी नारळ स्वतःकडं ठेवला आणि कादंबरी माझ्याकडं सरकवली. होणाऱ्या सासऱ्याचं लेखन म्हणून जावयानं सूट दिली, असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच कडक झालो. कादंबरी वाईट नव्हती. पण तिच्यात माणसांची नुसती जत्रा. कुणीही यावं, एक वाक्य बोलावं आणि जावं. एक आत्या येते, म्हणते, ज्वारी भिजंल, आत घ्या, आणि पुन्हा म्हणून दिसत नाही. एक शिंपी येतो, पाटलाला कोट चढवतो आणि नाहीसा होतो. मी अण्णांना म्हटलं, थोडी काटछाट करावी लागेल. ते म्हणाले, जावईबापू म्हणतील तसं. मग मी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि उठलो तेव्हा गाव निम्मं झालं होतं. (पटकीच्या साथीनं इतकी माणसं नेली नसतील.)

मामा, अण्णांची लिहायची रीत मला ठाऊक नव्हती. आपण लग्नाची अक्षत देतो ना, घरटी, कुणाचंही दार न चुकवता, तशी त्यांनी कादंबरी लिहिली होती. घरटी एक माणूस आणि माणशी एक वाक्य. जास्त दिलं तर शेजारी रुसतो. वर पावसाळाभर रोज पारावर बसून त्यांनी ती वाचून दाखवली होती. आपापलं वाक्य अख्ख्या करमाडला पाठ होतं. आणि मी शहाण्यानं छापून आलेली प्रुफं तपासायला करमाडलाच पाठवली.

परवा गाव एसटीनं आलं. खाली भांडीवाल्याला वाटलं, लग्नाच्या खरेदीला वऱ्हाड आलं, त्यानं परातीच काढायला सुरुवात केली. जिना भरला, माडी भरली, तात्यासाहेब मागच्या दारानं नमाजाला निघून गेले (ते देशस्थ ब्राह्मण आहेत, पण त्या घाईत त्यांना दुसरं कारण सुचलं नाही). नूरमोहम्मद शिंपी सगळ्यांच्या पुढं. तो भांडला नाही, नुसता हताश होऊन म्हणाला, "सुसराल में सबकू बोल दिया था मैं, किताब में हूँ करके. अब कौनसा मुँह लेके जाऊँ?" फकिरा मात्र खुशीत होता. तो कादंबरीतला खलनायक. त्याच्या वाक्याला मी हातही लावला नव्हता, म्हणून तो खालच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा पाजत होता आणि मला डोळ्यांनी धीर देत होता. गावात ज्याचं कुणाशी पटत नाही असा एकच माणूस माझ्या बाजूनं, यावरून माझी काय अवस्था झाली असेल ते ओळखा.

मी साहित्यावर बोलायला उभा राहिलो. रचना, गती, एकसंधपणा, सगळं सांगितलं. माणसं शांतपणे ऐकून घेतात, याचा अर्थ त्यांना पटतं असा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी अण्णांची थोरली बहीण चतुराआत्या उठली. (ज्वारीवाली आत्या ती हीच.) मला वाटलं, आता आपले शंभर भरले. पण ती स्वतःविषयी काहीच बोलली नाही. म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, मी म्हातारी. सातव्या परकरणात पाणी घिऊन येती, ती आमची सरू व्हती. तिलाबी खोडलं तुम्ही. पोरगी म्हणती, पुस्तकात मी ज्याला जड झाले, त्याला घरात कशी चालंन?"

मामा, सुपारीच्या दिवशी सरूनं मान खाली घातली होती, मी माझ्या बुटांकडं बघत होतो, त्यामुळं तिचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही. आणि पाणी आणणाऱ्या पोरीवर रेघ मारताना मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतंय, आणि फार वाटतंय. तरी साहित्याच्या तत्त्वाला मी चिकटून आहे, हे तुम्ही चारचौघांत जरूर सांगा. संपादकानं माणसांच्या रुसव्याफुगव्यांवर जाऊ नये, हे माझं मत पूर्वीइतकंच पक्कं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना चापट, तुमच्या रागाला दोन्ही हात जोडून,

तुमचा भाचा
भानुदास

ता. क. खोडलेली सगळी माणसं मी काल परत घातली. आत्या, शिंपी, झाडून सगळी. तात्यासाहेब म्हणाले, छान केलंस, घरटी एक प्रत खपेल.

ता. क. आता खरं काम. आत्यानं घराचं वाक्य घेतल्यामुळं अण्णांनी सरूला वाक्यच दिलेलं नाही. ती पाणी ठेवते आणि जाते. मला तिला एक वाक्य द्यायचंय, पण ते तिचंच हवं. तुम्ही मामींना घेऊन करमाडला जा. तुमच्यासमोर ती बोलायची नाही, म्हणून तुम्ही अण्णांशी पाऊसपाण्याचं बोलत बसा आणि मामींना आत पाठवा. ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळवा, शिव्या असतील तर शिव्या. सातव्या प्रकरणाचा फर्मा मी छपाईला न देता अडवून धरलाय. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुख्तारनं तेवढी जागा कोरी सोडली आहे आणि तो मला रोज हसतो.

ता. क. तिनं काहीच सांगितलं नाही, तर तसंच छापू. पण अण्णांना न विचारता एक बदल मी केलाय, तो तिला आधी सांगा. ती पाणी ठेवते तिथून पुढं 'आणि निघून गेली' असं होतं. तेवढं मी खोडलं.