बंड्याचं स्वादुपिंड

२० जुलै, रविवार
प्राची परीक्षेला पुण्याला. दहा दिवस बंड्या माझ्या ताब्यात. तीन वर्षांत या कुत्र्याने माझ्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. दहा दिवसांत माझा करून दाखवतो. लेकीने फ्रिजवर चार्ट लावलाय: फक्त डॉग फूड, ताटातलं काही नाही. वाचला.

२१ जुलै
डॉग फूड म्हणजे सुक्या गोळ्या. गोळ्या घालून कोणाला आपलंसं करता येतं का?

२३ जुलै, बुधवार
अमावस्या उद्या, पण उद्या गुरुवार. म्हणून गटारी आजच. उरण नाक्यावर तासभर लाइनीत उभा राहून बोकडाचं मटण आणलं. बायकोने, वसुंधराने, माझ्या कोलेस्टेरॉलचा विषय काढून ताटातली चरबी बाजूला करायला लावली. टाकायची कशाला? बंड्या माझ्या खुर्चीखाली आला. आपण होऊन! तीनच तुकडे दिले. मग अजून तीन. शेवटी हात चाटला. लांडगे कुठे चार्ट बघून खातात?

२४ जुलै, सकाळी ६
बंड्याला चार उलट्या. हवा बदलली आहे.
भांडी घासायला आलेली गंगाबाई म्हणाली, याला मटन कोनी दिला? म्हटलं, मी नाही दिलं. खोटं नाही ते. चरबी वेगळी, मटण वेगळं.

२५ जुलै, शुक्रवार
वसुंधराने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन दिलं. म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, फॅट पूर्ण बंद, थोडा मऊ भात द्या. स्वादुपिंड म्हणजे जिभेच्या मागे कुठेतरी असणार, नावातच स्वाद आहे. हाड लागलं असेल.

संध्याकाळी
मऊ भात केला. वर दोन चमचे साजूक तूप. आजाऱ्याला कोरडा भात आमच्या घरात कधी कोणी वाढलेला नाही. आणि तूप म्हणजे काही फॅट नव्हे, तूप म्हणजे तूप.

२६ जुलै
बंड्या उठत नाही. पाठ कमानीसारखी. दवाखान्यात ठेवून घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय दिलं? भात, म्हटलं. भातावर काय, विचारलं. मी भिंतीवरचं पोस्टर वाचत राहिलो. वसुंधराने सगळं सांगितलं, गटारीपासून. डॉक्टर म्हणाले, वाचेल की नाही ते उद्या कळेल.
घाबरलोय.

२७ जुलै
शेपूट एकदा हललं. प्राचीला काही कळवायचं नाही असं ठरवलं. वसुंधराने कालच कळवलं होतं. प्राची फोनवर माझ्याशी बोलली नाही.

३० जुलै, बुधवार
प्राची आली. बंड्याही घरी आला, अर्धा झालाय. जेवताना थेट माझ्या खुर्चीपाशी येऊन बसला. सगळ्यांदेखत. म्हटलं, बघा. रिकामा हात पुढे केला. त्याने पंजापासून मनगटापर्यंत नीट हुंगला, दुसराही हुंगला, आणि प्राचीच्या खोलीत निघून गेला.
वाईट वाटलं. प्राची म्हणाली, बाबा, जेवा.